थांबलेला क्षण आणि धावता प्रोग्राम

४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेचे ‘मार्स पाथफाइंडर’ यान मंगळावर सुखरूप उतरले. यानाने पाठविलेली छायाचित्रे जगभर पोहोचली आणि मोहिमेचे कौतुक सुरू झाले. परंतु तेथील हवामानाच्या नोंदी घेण्यास प्रारंभ झाल्यावर थोड्याच दिवसांत एक विचित्र प्रकार घडू लागला. यानावरील संगणक चालता चालता मध्येच हातातली सारी कामे सोडून नव्याने सुरू होई. आधी जमविलेली माहिती त्यामुळे नष्ट होत नसे. मात्र त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर जात. मंगळ त्या वेळी पृथ्वीपासून सुमारे १९ कोटी किलोमीटर दूर होता. संदेश पोहोचण्यासच दहा मिनिटांहून अधिक वेळ लागे. जवळ जाऊन यंत्र उघडून पाहण्याचा प्रश्नच नव्हता.

याहून अस्वस्थ करणारी बाब वेगळीच होती. हा दोष यान मंगळावर उतरण्याआधीच अभियंत्यांना दिसला होता. मात्र त्याचा माग काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तो पुन्हा प्रकट झाला नाही.

पाहायला गेले की नाहीसा होणारा दोष ही संगणक क्षेत्रातील जुनी डोकेदुखी आहे. तिच्या मुळाशी एक साधा वाटणारा प्रश्न आहे. वेगाने धावणाऱ्या प्रोग्रामच्या आत काय चालले आहे हे बाहेरून पाहणाऱ्याला कळावे कसे? आणि जे कळते, ते त्या क्षणी खरे आहे याची खात्री काय? हे पाहण्याचे काम ज्या साधनाकडे असते, त्याला ‘डीबगर’ म्हणतात.

गल्ला आणि वही

प्रोग्राम हव्या त्या ठिकाणी थांबविणे, त्या क्षणी कोणत्या चलाची किंमत किती आहे हे दाखविणे, प्रोग्राम एकेक पाऊल पुढे नेणे आणि गरज पडल्यास एखादी किंमत बदलून पाहणे ही डीबगरची मुख्य कामे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला ‘जीडीबी’ हा या जातीतील सर्वांत परिचित डीबगर. लिनक्सवर काम करणाऱ्या अभियंत्यांच्या हाती तो आजही असतो.

डीबगर हा स्वतःदेखील एक प्रोग्रामच असतो, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही. तपासणारा वेगळा आणि तपासला जाणारा वेगळा. दोघांची मेमरीही स्वतंत्र. त्यामुळे डीबगर पडद्यावर जे दाखवितो ती मूळ वस्तू नसते, तिची प्रत असते. मूळ किमती चालू प्रोग्रामच्या मेमरीत आणि प्रोसेसरच्या रजिस्टरांत असतात, आणि त्या सेकंदाला कोट्यवधी वेळा बदलू शकतात.

हे समजण्यासाठी किराणा दुकानाचे उदाहरण पुरेसे आहे. गल्ल्यात किती रोकड आहे आणि वहीत किती शिल्लक दिसते, याचा मेळ दुकानदार दिवसाअखेर घालतो. गिऱ्हाइके येत-जात असताना नोटा मोजायला घेतल्या, तर मोजणी संपेपर्यंत आकडा बदललेला असतो. म्हणूनच शटर अर्धे खाली ओढून मग हिशेब केला जातो. डीबगरलाही हेच करावे लागते. आधी प्रोग्राम थांबवायचा, मगच किमती वाचायच्या.

हे थांबविणे डीबगर स्वतःच्या बळावर करू शकत नाही. एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या मेमरीत डोकावू नये, याची दक्षता ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल घेत असतो. त्यामुळे परवानगीही त्याच्याकडेच मागावी लागते. युनिक्स प्रणालीच्या १९७५ मधील सहाव्या आवृत्तीत यासाठी ‘पीट्रेस’ नावाची सोय आली. लिनक्समध्ये ती आजही वापरात आहे. येथे एक मेख आहे. थांबण्याची विनंती केली म्हणजे प्रोग्राम तत्क्षणी थांबला असे नव्हे. तो थांबल्याची वर्दी कर्नलकडून येईपर्यंत डीबगरने वाट पाहायची असते. त्याआधी वाचलेल्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

प्रोग्राम थांबल्यावर डीबगर रजिस्टरांतील किमती एकदा वाचून स्वतःकडे उतरवून ठेवतो, कारण प्रत्येक वेळी कर्नलकडे हेलपाटे घालणे वेळखाऊ असते. मात्र प्रोग्राम पुन्हा सोडताच ही उतरवलेली वही रद्दबातल धरावी लागते. प्रोग्राम एक पाऊल जरी पुढे गेला, तरी मागची शिल्लक आजची म्हणून दाखविणे चूक ठरते. उलट दिशेचाही नियम तेवढाच कडक आहे. तपासणाऱ्याने एखादी किंमत बदलली असेल, तर ती प्रोग्राम सोडण्यापूर्वी मूळ जागी पोहोचली पाहिजे.

एका बाइटची करामत

प्रोग्राम नेमक्या ठिकाणी थांबवायचा कसा? त्यासाठी ‘ब्रेकपॉइंट’ वापरतात. सर्वसाधारण संगणकांतील इंटेल जातीच्या प्रोसेसरांत त्यासाठी केवळ एका बाइटची खास सूचना आहे. तिचे मूल्य २०४. प्रोसेसरला ही सूचना भेटली की तो थबकतो आणि कर्नलला हाक मारतो.

डीबगर जेथे थांबायचे आहे, तेथील मूळ सूचनेचा पहिला बाइट स्वतःजवळ जपून ठेवतो आणि त्या जागी २०४ लिहितो. म्हणजे तपासल्या जाणाऱ्या प्रोग्राममध्ये तो चक्क बदल करतो! एकच प्रोग्राम अनेक जण एकाच वेळी वापरत असतील, तर इतरांना याचा उपद्रव होऊ नये म्हणून कर्नल मेमरीतील त्या पानाची वेगळी प्रत करून देतो आणि बदल त्या प्रतीपुरताच राहतो.

यानंतर जी कसरत सुरू होते, ती पाहण्याजोगी आहे. प्रोग्राम त्या जागी आला, थबकला. पण प्रोसेसरने तो एक बाइट पार केलेला असल्याने ‘पुढची सूचना कोठे’ हे सांगणारे रजिस्टर एका घराने पुढे सरकलेले असते. डीबगरला ते एक घर मागे आणावे लागते. तपासणाऱ्याने ‘पुढे जा’ म्हटले, की मूळ बाइट जागेवर ठेवायचा, प्रोसेसरला एकच सूचना पार पाडायला लावायची, लगेच पुन्हा २०४ लिहायचे आणि मग प्रोग्राम मोकळा सोडायचा. यातील एक पायरी जरी चुकली, तरी प्रोग्राम भलत्याच सूचनेवर जाऊन कोसळतो. मोबाइल फोनमध्ये आढळणाऱ्या ‘एआरएम’ जातीच्या प्रोसेसरांत आणखी एक दक्षता लागते. प्रोसेसरने जुन्या सूचना आपल्या जलद साठ्यात आधीच आणून ठेवलेल्या असू शकतात. तो साठा ताजा केला नाही, तर मेमरीत ब्रेकपॉइंट लिहिलेला असूनही प्रोसेसरला तो दिसत नाही.

तपासणाऱ्याने त्याच जागेची मेमरी पाहायला मागितली, तर डीबगर २०४ दाखवत नाही. जपून ठेवलेला मूळ बाइट दाखवितो. आपण उमटवलेले ठसे तो आपणच झाकतो. असे केले नाही तर तपासणारा स्वतःच्याच साधनाने केलेला बदल दोष समजून बसेल.

अनेक हात, एकच मेमरी

आजचे प्रोग्राम एकाच धाग्याने चालत नाहीत. एकाच प्रोग्रामच्या आत अनेक ‘थ्रेड’ एकाच वेळी, एकाच मेमरीवर काम करीत असतात. येथे डीबगरची खरी परीक्षा असते.

समजा, दहा थ्रेडपैकी एक ब्रेकपॉइंटवर थांबला. बाकीचे नऊ अद्याप धावत आहेत आणि मेमरी बदलत आहेत. वहीचा मेळ बसायचा तर त्यांनाही थांबविले पाहिजे. डीबगर प्रत्येकाला थांबण्याचा निरोप धाडतो आणि प्रत्येकाच्या वर्दीची वाट पाहतो. परंतु निरोप पोहोचेपर्यंतच्या त्या अल्पकाळात काहीही घडू शकते. एखादा थ्रेड आपले काम संपवून नाहीसा होतो. एखादा नवा थ्रेड जन्माला घालतो. एखादा दुसऱ्याच ब्रेकपॉइंटवर जाऊन आदळतो. ही शेवटची घटना डीबगर बाजूला नोंदवून ठेवतो आणि तिची वेळ आल्यावर सांगतो. मधल्या काळात तपासणाऱ्याने तोच ब्रेकपॉइंट काढून टाकला, तर ही नोंद खोटी ठरते. तीही आठवणीने पुसावी लागते.

ब्रेकपॉइंट ओलांडण्याच्या कसरतीलाही येथे नवे वळण मिळते. मूळ बाइट क्षणभर जागेवर ठेवला की त्या क्षणापुरता ब्रेकपॉइंट अस्तित्वात नसतो. नेमका त्याच वेळी दुसरा थ्रेड तेथून गेला, तर तो न थांबताच निघून जाईल. पहारेकरी पाणी प्यायला वळावा आणि चोराने आत शिरावे, तसा हा प्रकार. यावर दोन उपाय आहेत. एक तर त्या पावलापुरते इतर सर्व थ्रेड थांबवून ठेवायचे. नाही तर मूळ सूचना मेमरीत अन्यत्र उतरवून तेथे पार पाडायची आणि पहारा जागचा हलवायचाच नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या ‘जीडीबी’च्या ७.० या आवृत्तीत एकच थ्रेड थांबवून इतरांना धावू देण्याची पद्धतही उपलब्ध झाली. अव्याहत सेवा देणाऱ्या प्रोग्रामना ती उपयोगी पडते. मात्र तेथे वाचलेली सामाईक मेमरी पुढच्याच क्षणी बदललेली असू शकते, हे तपासणाऱ्याने गृहीत धरायचे असते.

भेटीची जागा

चालता चालता प्रोग्रामचा आकारही बदलतो. गरज भासेल तशी तो नवी ‘लायब्ररी’, म्हणजे तयार सूचनांचा संच, मेमरीत आणतो आणि काम झाल्यावर काढून टाकतो. डीबगरला हे वेळीच कळले नाही, तर कोणत्या पत्त्यावर कोणते काम आहे याची त्याच्याजवळची यादी शिळी होते.

यावर काढलेली तोड मोठी मार्मिक आहे. लायब्ररी आणणारा ‘लिंकर’ मेमरीत एक ठरावीक जागा राखून ठेवतो. दोघांच्या भेटीची ती जागाच म्हणा. तेथे लायब्रऱ्यांची यादी असते आणि शेजारी एक खूण असते. यादीत भर पडत आहे, यादीतून काही वगळले जात आहे, की यादी पूर्ण व सुसंगत आहे, हे ती खूण सांगते. यादी बदलली की लिंकर एका रिकाम्या कार्याला हाक मारतो. त्या कार्यात करण्यासारखे काहीच नसते. डीबगरला तेथे ब्रेकपॉइंट लावता यावा, एवढ्यासाठीच ते असते. प्रोग्राम तेथे पोहोचला की डीबगर जागा होतो, खूण पाहतो आणि यादी सुसंगत असेल तरच आपली प्रत नव्याने उतरवून घेतो. अर्धवट लिहिलेल्या पानावरून नक्कल करायची नाही, हा शहाणपणा येथे कामी येतो.

घड्याळ थांबत नाही

एवढी काळजी घेतल्यावर वही आणि गल्ला यांचा मेळ बसतो. तरीही एक गोष्ट डीबगरच्या आवाक्याबाहेर राहते, ती म्हणजे काळ. प्रोग्राम थांबतो, पण बाहेरचे जग थांबत नाही. पलीकडचा संगणक उत्तराची वाट पाहून संपर्क तोडतो. थांबलेले थ्रेड पुन्हा सुटतात, तेव्हा त्यांचा आपापसांतील क्रम पूर्वीचा राहत नाही. दोषच जर क्रमावर अवलंबून असेल, तर तपासणीमुळेच तो दडून बसतो. संगणक शास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ मधील आपल्या निबंधात अशा दोषांसाठी ‘हायझेनबग’ हा शब्द वापरला. भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग यांच्या नावावरून केलेली ही कोटी आहे.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही, हे ‘थेरॅक-२५’ या यंत्राने दाखवून दिले. कर्करुग्णांवर किरणोपचार करणारे हे यंत्र कॅनडातील एका सरकारी कंपनीने तयार केले होते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात या यंत्रामुळे सहा रुग्णांना किरणांची प्रचंड अधिक मात्रा मिळाल्याच्या घटना घडल्या. त्यांतील काहींचा मृत्यू ओढवला.

टेक्सास राज्यातील टायलर येथे मार्च व एप्रिल १९८६ मध्ये अशा दोन घटना घडल्या. यंत्र चालविणाऱ्या कर्मचारी महिलेने उपचाराचा प्रकार चुकीचा टाइप केला आणि चूक लक्षात येताच झटपट दुरुस्त केला. यंत्रातील चुंबके नव्या जागी स्थिरावण्यास सुमारे आठ सेकंद लागत. त्या अवधीत केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसे, परंतु प्रोग्रामच्या एका भागापर्यंत ती पोहोचत नसे. पडदा एक सांगत होता, यंत्र दुसरेच करीत होते.

रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञाने त्या कर्मचारी महिलेला सोबत घेऊन घडलेला क्रम पुनःपुन्हा करून पाहिला आणि अखेर तोच बिघाड पुन्हा घडवून आणला. कंपनीच्या अभियंत्याला मात्र आपल्याकडे तो प्रथम घडविता आला नाही. ही सारी कृती भराभर करायला हवी, हे त्याला सांगितल्यावर बिघाड त्याच्याही हाती लागला. सावकाश, एकेक कळ दाबत तपासणाऱ्याला यंत्र निर्दोषच दिसले असते. सरावाने जलद झालेल्या बोटांपुढेच ते चुकत होते. १९९३ मध्ये नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी या घटनांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. तो आजही संगणक अभियंत्यांच्या वाचनात असतो.

आधी नोंद, मग तपास

थांबविल्याने दोष पळतो, तर न थांबविता पाहण्याचा मार्ग काढणे क्रमप्राप्त होते. २००५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या ‘सोलारिस १०’ या प्रणालीत ‘डीट्रेस’ हे साधन आले. ते चालू प्रोग्राममधील ठरावीक जागांवर अगदी छोटी नोंद करून त्याला लगेच पुढे जाऊ देते.

दुसरा मार्ग अधिक धाडसी आहे. ‘फायरफॉक्स’ हा ब्राउझर तयार करणाऱ्या मोझिलामध्ये ‘आरआर’ नावाचे साधन विकसित झाले. प्रोग्राम चालत असताना त्याला बाहेरून काय काय मिळाले आणि कोणत्या थ्रेडला कधी संधी मिळाली, याची हे साधन बारकाईने नोंद ठेवते. पुढे ती नोंद पुढ्यात घेऊन प्रोग्राम जसाच्या तसा पुन्हा चालविता येतो. मग तपासणाऱ्याने तो शंभर वेळा थांबविला किंवा उलट्या दिशेने मागे नेला, तरी क्रम बिघडत नाही. कारण बाहेरचे जगही आता नोंदीतूनच येत असते. दोष एकदा नोंदीत सापडला की त्याला पळायला वाट राहत नाही. याची किंमतही आहे. सर्व थ्रेड एका वेळी एक असे आळीपाळीने चालवावे लागतात. त्यामुळे प्रोग्राम मंदावतो आणि दोन थ्रेड अक्षरशः एकाच क्षणी मेमरीला भिडल्यानेच उद्भवणारे काही दोष नोंदीत येतच नाहीत. पूर्ण निर्धोक असा मार्ग अद्याप कोणाच्याच हाती लागलेला नाही.

मंगळावरची दुरुस्ती

‘पाथफाइंडर’च्या अभियंत्यांनाही अखेर नोंदींनीच हात दिला. यानावरील सॉफ्टवेअरमध्ये घटनांची नोंद ठेवणारी तपासणीची सोय होती. ती उड्डाणापूर्वी काढून टाकलेली नव्हती. ज्याची चाचणी घेतली तेच उडवायचे आणि जे उडवायचे त्याचीच चाचणी घ्यायची, हे त्यांचे धोरण होते. मंगळावरून एवढ्या नोंदी पाठविणे शक्य नसल्याने प्रयोगशाळेतील यानाच्या प्रतिकृतीवर तीच कामे पुनःपुन्हा चालविण्यात आली. एकदा प्रतिकृतीचा संगणकही तसाच नव्याने सुरू झाला. या वेळी आधीच्या क्षणांची नोंद हाताशी होती.

नोंदीतून उलगडा झाला. हवामानाच्या नोंदी घेणारे काम कमी महत्त्वाचे होते, तर यानाच्या भागांमध्ये माहिती पोहोचविणारे काम अतिमहत्त्वाचे. दोघांना एकच सामाईक साधन लागे आणि ते एका वेळी एकालाच मिळे. हवामानाच्या कामाने ते हाती घेतले, की महत्त्वाच्या कामाला खोळंबावे लागे. एवढ्यात मध्यम महत्त्वाची इतर कामे पुढे येत आणि हवामानाच्या कामाला बाजूला सारत. मग ना ते काम पूर्ण होई, ना साधन सुटे. अतिमहत्त्वाचे काम वेळेत झाले नाही हे पाहून देखरेख करणारा प्रोग्राम काहीतरी गंभीर बिघडले असे समजे आणि संगणक नव्याने सुरू करी.

उपाय एका खुणेत होता. साधन हाती असलेल्या कामाला तेवढ्यापुरता खोळंबलेल्या कामाचा दर्जा द्यायचा, अशी सोय प्रणालीत उपलब्ध होती, पण ती बंद ठेवलेली होती. ती सुरू करायची, एवढेच करायचे होते. यानावर जे होते आणि जे हवे होते, त्यांतील केवळ फरक पृथ्वीवरून पाठविण्यात आला. यानावरील सॉफ्टवेअरने तो पडताळून आपल्या प्रतीत उतरवून घेतला. त्यानंतर हा दोष पुन्हा उद्भवला नाही.

उतरण्याआधी एकदा दिसून हरवलेला दोष प्रयोगशाळेत सापडला, तो यान थांबवून पाहिल्यामुळे नव्हे. चालत्या संगणकाने घडेल तसे लिहून ठेवल्यामुळे. गल्ला आणि वही यांचा मेळ दुकान बंद करूनच घालावा लागतो हे खरे. पण दिवसभरात नेमके काय घडले हे जाणून घ्यायचे असेल, तर दुकान चालू असतानाच प्रत्येक व्यवहार लिहिलेला असावा लागतो.